गोळ्या दोघांना लिहून दिल्या होत्या

आमच्याकडं बाईला तोंड असतं, हात असतात, पोट असतं, आणि पोटाखाली एकदम गुडघे. मधल्या जागेला नावच नाही. तिथं दुखलं तर "पोटात दुखतंय" म्हणायचं, खाजलं तर "पित्त उठलंय" म्हणायचं, आणि अगदीच जीवावर आलं तर पदर तोंडाशी धरून "अंगावरून जातंय" एवढं पुटपुटायचं. मी अठ्ठावीस वर्षांची बाई, नांदेडच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि मीही इतकी वर्षं हेच पुटपुटत होते. आता नाही. मला काय झालं होतं ते मी नाव घेऊन सांगणार आहे. ज्याला ऐकायची लाज वाटते त्यानं इथूनच उठावं, मी काही धरून ठेवणार नाही.

माझं माहेर मुखेड तालुक्यातलं. घरची कोरडवाहू जमीन, दोन बैलं, एक म्हैस. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. बारावीनंतर त्यांनी मला नांदेडला ठेवलं. गावात कुणी विचारलं की पोरगी काय शिकायली, तर ते अभिमानानं सांगायचे, "जंतूचं शिकायली." लोक हसायचे. आबांना त्याचं काही वाटायचं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला आम्ही दह्याचा थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जांभळ्या काड्याच काड्या. मॅडम म्हणाल्या, याच जातीच्या काड्या बाईच्या योनीमार्गात राहतात, तिथं आंबटपणा धरून ठेवतात, त्यामुळं बाहेरच्या रोगजंतूंना सहजासहजी पाय रोवता येत नाही. वर्गात पोरं होती, म्हणून मॅडम हे वाक्य इतक्या भरभर बोलल्या की निम्म्या पोरींना ते कळलंच नाही. मी वहीत "यो. मार्ग" असं अर्धवट लिहिलं. परीक्षेला तोच प्रश्न आला, मी झकास उत्तर लिहिलं. मग ती वही माळ्यावर गेली आणि माझं लग्न होऊन मी लातूरला गेले.

नवरा बियाण्यांच्या कंपनीत. महिन्यातले पंधरा दिवस फिरती, कधी सोलापूर, कधी बिदर, कधी हैदराबाद. घरात सासू-सासरे. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. आत्या छळ करणाऱ्यांतल्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. माझ्या ताटात पहिली भाकरी त्याच वाढायच्या. पण त्यांचे काही नेम होते, आणि ते मोडायची कुणाची बिशाद नव्हती.

लातूरला ज्यानं संसार केलाय त्याला तुरटी काय हे सांगावं लागत नाही. टँकरचं पाणी बॅरलमध्ये पडलं की त्यात तुरटीचा खडा फिरवायचा, गाळ खाली बसतो, वरचं पाणी वापरायचं. आमच्या बॅरलवर दोरीला बांधलेला खडा कायम लोंबकळत असायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच पाळीत, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन मी न्हाणीतून बाहेर येणार तर आत्यांनी दाराच्या फटीतून तांब्या आत सरकवला.

"ह्यानं आतून धू आन् मग सैपाकघरात ये."

"काय आहे आत्या?"

"तुरटीचं पाणी. टँकरचं गढूळ पाणी निवळतंय, तर बाई न्हाई निवळणार व्हय?"

मला हसूच आलं. हसले आणि धुतलं. आता कुणी म्हणेल, तू तर जंतूचं शिकलेलीस! हो ना. पूर्ण मार्क मिळवलेली. पण नवी नवरी न्हाणीत उभी असते तेव्हा तिला प्रश्नपत्रिका आठवत नाही, दाराबाहेर उभी असलेली सासू आठवते. शिवाय धुतल्यावर सगळं कोरडं, आवळल्यासारखं वाटायचं, आणि मला वाटायचं, हेच स्वच्छ. मग मी माझी अक्कल पाजळली. महिन्यातून एकदा कशाला, रोजच धुऊ म्हणलं. जखमेवर लावायचं तपकिरी औषध असतं ना, त्याचं टोपणभर तांब्यात टाकायला लागले. विरजणाच्या भांड्यात फिनेल ओतायचं आणि दही लागत नाही म्हणून म्हशीला शिव्या द्यायच्या, त्यातला प्रकार. तुरटी आत्यांची होती, पण हा शहाणपणा माझाच होता. तो मी कुणावर ढकलत नाही.

सहा-सात महिन्यांत त्रास सुरू झाला. आधी खाज. मग लघवीला आग. मग हिरवट-पिवळं, फेसाळ पाणी जायला लागलं आणि त्याला वास. तो वास दुसऱ्या कुणाला येतोय की काय या भीतीनं मी पंगतीत बसेना, शेजारणींच्या हळदीकुंकवाला जाईना, नवरा फिरतीवरून आला की मी स्वयंपाकघरात काम काढून बसायचे. मला माझ्याच अंगाची किळस यायला लागली. हे लिहिताना मला अजून संताप येतो. माझं अंग, आणि मीच त्याच्यापासून नाक फिरवून बसलेली!

दोरीवरचे कपडे बघून आत्यांनी ओळखलं. "पांढरं जायलंय तुला. हाडं झिजून जात असतंय ते." त्यांनी उडदाचे लाडू केले. मी ते खाल्ले. लाडू चांगले झाले होते, बाकी काहीच झालं नाही. तोवर लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं आणि पाळणा हलला नव्हता. शेजारपाजारी विचारायचे, आत्या सांगायच्या, "सुनंला जरा बिमारी हाय." त्यांनी ते वाईट हेतूनं सांगितलं नसेल. पण गल्लीत ते असं पसरलं की भाजीवाली मावशीसुद्धा माझ्या पोटाकडं बघून कोथिंबीर जास्त द्यायला लागली.

लातूरच्या एका दवाखान्यात आत्या मला घेऊन गेल्या आणि माझ्यासोबत केबिनमध्ये येऊन बसल्या. सासू शेजारी बसल्यावर सून काय बोलणार? खाली बघत "अंगावरून जातंय" म्हणलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, एका कागदावर दोन नावं लिहिली, माझं आणि नवऱ्याचं. "दोघांना लिहून देते. दोघांनी घ्यायच्या, नाहीतर उपयोग नाही."

"त्याला कशाला?" आत्या लगेच म्हणाल्या. "त्याला काय झालंय?"

बाहेर पंचवीस बायका बसलेल्या. डॉक्टरबाईंनी पुन्हा "दोघांनी" म्हणून घंटी दाबली. मेडिकलवाल्यानं गोळ्या पेपरात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून अशा दिल्या की जणू मी काही चोरून नेत होते.

नवऱ्याच्या हातात मी त्यांची पाकिटं दिली. ते म्हणाले, "मला कुठं काय होतंय?" खरंच त्यांना काही होत नव्हतं. ना खाज, ना आग. "ठेव तिथं, घेतो," म्हणाले. मी माझ्या घेतल्या. दहा दिवसांत बरं वाटलं. ते फिरतीवरून आले, आणि महिन्याभरात सगळं पुन्हा होतं तिथंच. पुन्हा दवाखाना, पुन्हा दोघांच्या गोळ्या. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी विचारलंही, "तुम्ही घेतल्या ना?" तर मोबाइलवरून नजर न काढता, "घेतल्या म्हणलो ना एकदा!"

मग घरात सगळ्यांना एकच गोष्ट कळली, की हिच्यातच खोट आहे. मी एकदा चहा घेऊन बैठकीत जात होते तर मामा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "पोरीत दोष होता तर आधी सांगायचं होतं त्यांनी. आता पुढचा इचार करावा लागंल." पुढचा विचार म्हणजे काय ते आमच्याकडच्या कुठल्याही पोरीला समजावून सांगावं लागत नाही. मी चहाचे कप ठेवले आणि स्वयंपाकघरात येऊन कणकेत एवढं पाणी ओतलं की तिची खीर झाली.

दुसऱ्याच आठवड्यात "पदवीचं प्रमाणपत्र आणायचंय" अशी थाप मारून मी एकटी एसटीनं नांदेडला गेले. प्रमाणपत्र ट्रंकेतच होतं. मी गेले सरकारी दवाखान्यात. रांगेत दोन तास बसले आणि या वेळी केबिनमध्ये शेजारी कुणी नव्हतं. डॉक्टरीणबाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं पहिलाच प्रश्न असा विचारला जो मला तोवर कुणी विचारला नव्हता.

"आत काय वापरता?"

मी तुरटी सांगितली. तपकिरी औषधही सांगितलं. तिनं पेन खाली ठेवला.

"शिक्षण?"

"बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र."

"आणि तुरटी?"

"आणि तुरटी," मी म्हणलं. ती हसली, मग मी हसले, आणि हसता हसता मला असं रडू फुटलं की बाहेरच्या नर्सनं आत डोकावून बघितलं. तिनं मला रडू दिलं. मग तपासणीच्या टेबलवर घेऊन आतल्या पाण्याचा नमुना घेतला.

नमुना शेजारच्याच खोलीत बघणार होते. मी म्हणलं, "मला बघायचंय." तिथला टेक्निशियन बुचकळ्यात पडला. पेशंट कधी असं म्हणत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, "बघू द्या, त्यांना समजतं." मी डोळा लावला. कितीतरी वर्षांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत होते, पण हात आपोआप बरोबर जागी गेले. पेशी दिसल्या, पू दिसला, आणि त्यांच्यामधून धक्के देत, वळवळत फिरणारे, शेपट्या मारणारे जीव. "ट्रायकोमोनास," माझ्या तोंडून निघालं. पुस्तकात त्याचं चित्र मी रंगीत पेन्सिलीनं काढलं होतं. मग मी काड्या शोधल्या. दह्यातल्या त्या काड्या. एक नाही. सगळा थेंब पालथा घातला, एकसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईनं मला समोर बसवून नीट सांगितलं. "हा तुरटीनं आलेला नाही. हा शरीरसंबंधातूनच येतो. तुरटीनं आणि त्या औषधानं फक्त तुमचे राखणदार मेले, मग त्याला आयतं रान मिळालं. याच्यासोबत दुसरे आजारही लवकर चिकटतात, एचआयव्हीसुद्धा. म्हणून रक्त तपासू." रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. मी विचारलं, नवऱ्याला कुठून आला असेल? ती म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही शोधत बसू नका. पुरुषात हा कितीतरी दिवस गपचूप राहू शकतो. लग्नाआधीचाही असेल. दोघांनी एकाच वेळी गोळ्या घ्या, त्यानंतर सात दिवस संबंध नको. आणि आत काही घालायचं नाही, बाहेरून साधं पाणी. ते एकटे राहिले तर तुम्ही दर महिन्याला माझ्याकडं याल आणि प्रत्येक वेळी जास्त बिघडून याल. पुढं मूल राहायलाही त्रास होईल."

घरी आले तर नवरा बिदरहून आलेले. त्यांची बॅग धुवायला म्हणून मी रिकामी केली. आतल्या चेनच्या कप्प्यात तिन्ही वेळची पाकिटं होती. एकही गोळी फोडलेली नाही. बिदर, सोलापूर, हैदराबाद सगळीकडं ती फिरून आलेली.

मी पाकिटं त्यांच्यासमोर ठेवली. ते म्हणाले, "गोळी घेतली म्हणजे मी कबूल केल्यासारखं होतंय."

"काय कबूल केल्यासारखं?"

त्यांनी बॅगेची चेन ओढून बंद केली.

"मला काहीच कबूल करून नको. कुठं, कधी, कोण, काहीच विचारत नाही. तुम्ही फक्त गोळ्या गिळा."

"तूच जंतूचं शिकलीस ना?" ते म्हणाले. "कुणाला माहीत, तूच आणला असशील तिकडून, कॉलेजातून."

बस्स. मी जास्त काही बोलले नाही. दोन साड्या, तीन ड्रेस, चार्जर. आत्या दारात आडव्या आल्या, "अगं, कुठं निघालीस?" मी म्हणलं, "तुमच्या लेकानं गोळ्या घेतल्या की फोन करा, येते." आणि मुखेडची एसटी धरली.

माहेरी मायनं पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी मी सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. "गोळी खात न्हाई म्हणून नवरा सोडून येतंय का कुणी? लोकाचे नवरे जेवत सुदिक न्हाईत रुसून!" मला हसावं की रडावं कळेना. आबांना तिनं एवढंच सांगितलं की पटत नाही. पण मी ताट वाढताना माझ्याकडं बघायचं सोडलं आबांनी. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी माझ्या गोळ्या घेतल्या. तुरटी नाही, औषध नाही, साबण नाही. दीड महिन्यानं पुन्हा नांदेडला जाऊन तपासून आले. पुन्हा हट्टानं डोळा लावला. वळवळणारं काही नव्हतं, आणि काड्या परत आलेल्या. भरपूर! मी त्या टेक्निशियनला म्हणलं, "बघा बघा, किती आल्यात," तो बिचारा माझ्याकडं बघतच राहिला. डॉक्टरीणबाईनं नवऱ्यासाठी आणखी एक पाकीट दिलं. चार मोठ्या गोळ्या, एकदम घ्यायच्या. ते मी पर्समध्ये ठेवलं.

मग बैठक ठरली. सासरची आणि माहेरची मोठी माणसं एकत्र बसतात, पान-सुपारीचं तबक मध्ये ठेवतात आणि पोरगी नांदायला जाणार की नाही ते ठरवतात. ठरवतात पुरुष. पोरगी आत, दाराआड. तिला काही विचारायचं झालं तर तिचा मामा किंवा काका दारापाशी येऊन विचारतो आणि तिचं उत्तर बाहेर नेऊन सांगतो, तेही आपल्या शब्दांत. आमच्या ओसरीवर सासरे, नवरा, त्यांचे एक चुलते, आमच्याकडून आबा आणि माझे चुलते, आणि मध्ये लग्न जमवलेले एक वयस्कर काका. आत्या मायजवळ आत स्वयंपाकघरात.

चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलून झालं. मग मामांनी घसा साफ केला. "आमच्या पोराकडून काईच म्हणणं न्हाई. पण पोरीला बिमारी हाय. दोन वर्षांत तीनदा दवाखाना केला आम्ही. आता असल्या दोषाचं काय करावं, तुम्हीच सांगा."

दाराआड माझे कान तापले. दोष! आबा मान खाली घालून सुपारी कातरत होते. मधले काका म्हणाले, "पोरीला इचारा, काय म्हणती." माझे चुलते उठून दारापाशी यायला निघाले.

मी म्हणलं, कशाला त्यांना त्रास? आणि बाहेर आले.

माय मागून "अगं, अगं" करत पदर ओढत होती. मी पदर सोडवून घेतला आणि ओसरीवर उभी राहिले. आणि बोलले. "मामा, मला झालेल्या आजाराचं नाव ट्रायकोमोनास. तो योनीमार्गात होतो. मी डोळ्यांनी बघितलाय. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, दुसरा रस्ता नाही. डॉक्टरनं तीनदा दोघांना गोळ्या लिहून दिल्या. तीनदा मी घेतल्या, ह्यांनी एकदाही नाही. लातूरला होते तोवर मला आजार होता. इथं दीड महिना झाला, आजार गेला, हा रिपोर्ट. आता दोष कुणात आहे ते तुम्हीच ठरवा, तुम्ही मोठी माणसं आहात."

चुलत सासरे छताकडं बघायला लागले, जणू तिथं काही लिहिलंय. मधल्या काकांनी पान तोंडात घातलं आणि चावायचं विसरले.

"माझंही चुकलं," मी म्हणलं. "मी नको ते आत वापरत होते. ते मी सोडलं. आता ह्यांचं काय ते बघा." पर्समधून पाकीट काढलं आणि तबकात सुपारीशेजारी ठेवलं. "ह्या चार गोळ्या त्यांनी घेतल्या की मी नांदायला तयार आहे. नाही घेतल्या तर मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. दुसरी करून आणली तर तिलाही हेच होणार, मी तिच्या घरी जाऊन सांगीन."

नवऱ्याचं तोंड लालबुंद. "इथं? चारचौघांत?"

"ह्याच चारचौघांत माझ्यात दोष निघाला ना आत्ता?"

"ही काय रीत झाली का?" मामा ओरडले. "बापासमोर पोरगी असलं बोलती! पाव्हणं, तुम्ही काय करायलाव?"

आबा उठले. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. लहानपणापासून त्यांनी मला बोटही लावलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी मारलं असतं तर मला आश्चर्य वाटलं नसतं. ते माझ्याजवळून आत गेले. माठाचं झाकण वाजलं. पाण्यानं भरलेला ग्लास घेऊन ते बाहेर आले आणि जावयासमोर धरला.

"जावईबापू, घ्या."

"आबा, तुम्हीसुद्धा?"

"दीड महिना झाला मी लेकीच्या तोंडाकडं बघितलं न्हाई," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "मला वाटलं, हिनंच काई केलं असंल. बाप असून वाटलं. आता तुम्ही घ्या गोळ्या."

ग्लास धरलेला त्यांचा हात मागं येत नव्हता. नवऱ्यानं एकदा आपल्या वडिलांकडं बघितलं. मामा दुसरीकडं बघत होते. मग नवऱ्यानं पाकीट फोडलं. एक, दोन, तीन. चौथी घशात अडकली, आबांनी दुसरा ग्लास आणून दिला. पाच पुरुष एका पुरुषाला गोळ्या गिळताना बघत होते आणि रस्त्यानं जाणारी म्हैस हंबरली तेवढाच काय तो आवाज.

"तीन दिवस बाटलीला हात लावू नका," मी म्हणलं. "उलट्या होतील." मधल्या काकांना ठसका लागला. मला सांगायचंच होतं ते, डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं.

नवरा ताडकन उठले. "झालं ना समाधान? घे बॅग, चल."

"सात दिवस थांबायला सांगितलंय. आठव्या दिवशी तुम्ही नांदेडला या, तुम्हालाही तपासून घेऊ, मग तिथून लातूरला जाऊ."

ते तरातरा गाडीकडं गेले. येतील की नाही, मला माहीत नव्हतं. नाही आले असते तरी मी मेले नसते. मी आत आले आणि माठापाशीच भिंतीला टेकून खाली बसले.

माय बाहेरच्यांना निरोप द्यायला गेली. आत्या मात्र चुलीशेजारून हलल्या नव्हत्या. आता ही बाई माझे वाभाडे काढणार, म्हणून मी तयारीत होते. भर बैठकीत त्यांच्या लेकाची इज्जत काढली होती मी. त्या सरकत सरकत माझ्याजवळ आल्या. दाराकडं बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "तसल्या गोळ्या आन्खी हायत का गं तुझ्याकडं?"

"कुणासाठी?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्या मोठ्या, कडक बाईचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता.

"किती दिवस झाले, आत्या?"

"तुझा नवरा रांगत हुता," त्या म्हणाल्या, "तवापासनं."

माझा सगळा राग कुठं गेला कळलं नाही. मी त्यांचा हात धरला. म्हणलं, अशा गोळ्या मी देऊन चालत नाही, आधी तपासावं लागतं, आठव्या दिवशी तुम्हीही नांदेडला या, ती डॉक्टरीण चांगली आहे, रागवत नाही. आणि पुढचंही सांगून टाकलं, कारण लपवून उपयोग नव्हता. "पण आत्या, हेच निघालं तर मामांनाही घ्याव्या लागतील."

त्यांनी माझ्याकडं डोळे विस्फारून बघितलं. तेवढ्यात बाहेरून मामांची हाक आली, "निघायचं न्हाई का? गाडी चालू हाय!" लग्न झाल्यापासून मी बघत आले होते, त्या हाकेला आत्या हातातलं टाकून धावायच्या.

"थांबा तिथंच," आत्या आतूनच ओरडल्या. "मी बोलायले सुनंसंगं."

आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून खाली बसल्या.